बुधवारची इडली आणि घरचे पोहे

प्रश्न : मी ६२ वर्षांची असून विलेपार्ल्याला पूर्वेस राहते. बँकेतून निवृत्त झाले आहे. घरी यजमान, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात असे आम्ही पाचजण आहोत. गेल्या पावसाळ्यापासून दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी फिरून झाल्यावर मी स्टेशनजवळच्या एका जुन्या उडप्याच्या हॉटेलात एकटीच नाश्ता करते. इडली किंवा मेदूवडा, कॉफी आणि तासभर वर्तमानपत्र, एवढाच माझा कार्यक्रम. घरी मात्र मी फक्त ‘फिरायला जाते’ असेच सांगत आले. मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मला तिथे पाहिले आणि यजमानांच्या कानावर घातले. तेव्हापासून टोमणे सुरू आहेत. ‘घरात खायला मिळत नाही का’ असे यजमान विचारतात. रोज सगळ्यांचा नाश्ता करून मग नोकरीवर जाणाऱ्या सुनेला वाटते की तिच्या हातचे मला आवडत नाही. मुलगा म्हणतो, जायचेच असेल तर नव्या कॅफेत जा, त्या गर्दीच्या हॉटेलात तू एकटी बसलेली बरी दिसत नाहीस. मला मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत. मी हे बंद करावे का? आणि एक प्लेट इडली घेऊन तासभर टेबल अडवणे हॉटेलवाल्यांना खटकत असेल का?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण घरातल्या चौघांच्या मनाबरोबर गल्ल्यावरच्या माणसाच्या मनाचाही विचार करणारी बाई आळशी किंवा बेजबाबदार नसणार, हे त्यावरूनच कळते. उडप्याच्या हॉटेलाचा सकाळचा धंदा हा कमी किमतीचा आणि जास्त गिऱ्हाइकांचा असतो. एका टेबलावर सकाळभरात किती माणसे जेवढ्यास तेवढे खाऊन उठतात, यावर त्याचे गणित बसते. साडेसात ते साडेनऊ ही लोकल पकडणाऱ्यांची, कॉलेजच्या मुलांची आणि पार्सल नेणाऱ्यांची वेळ असते. त्या वेळात चार खुर्च्यांच्या टेबलाशी एकट्याने वर्तमानपत्र पसरून बसणे खरोखरच खटकते, मग शेट तोंडाने काही बोलोत वा न बोलोत. पण साडेनवानंतर गर्दी ओसरते आणि राइस प्लेटची वेळ होईपर्यंत निम्मी टेबले रिकामी असतात. रात्री आंबवलेले पीठ तर त्या दिवशी संपायलाच हवे असते, त्यामुळे पावणेदहाला येऊन निवांत बसणारे गिऱ्हाईक त्यांना नकोसे नसते, उलट हवे असते.

थोडे रीतीचे सांगते. भिंतीकडेचे दोन खुर्च्यांचे टेबल घ्यावे आणि समोर कोणी बसू का म्हणून विचारले, तर पेपर आवरून होकार द्यावा, कारण या हॉटेलांत अनोळखी माणसाशी टेबल वाटून घेणे हा रिवाजच आहे. इडली आणि कॉफी एकदम न मागवता आधी खाणे आणि मग कॉफी अशी मागणी करावी. बसणे लांबले तर दुसरी कॉफी सांगावी. तुम्ही न मागता वेटरने बडीशेपेच्या बशीत बिल आणून ठेवले, किंवा तुमच्या कोपराशी येऊन तेच टेबल दुसऱ्यांदा पुसले, तर आपली वेळ झाली असे समजावे आणि त्यात अपमान मानू नये. दर वेळी बशीत दहाची नोट ठेवलीत तर महिन्याभरात तुमचे टेबल आपोआप राखले जाऊ लागेल.

आता घरचा विषय. तुम्ही हे बंद करावे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र यात तुमच्याकडून काही चुकले असेल, तर ते ‘फिरायला जाते’ या अर्ध्या वाक्यात चुकले आहे. यजमानांना जे लागले ते इडलीमुळे लागलेले नाही; आपल्या बायकोची नेहमीची गोष्ट आपल्याला तिसऱ्याच माणसाकडून कळली, आणि तीही जिन्यात किंवा लिफ्टमध्ये, बोचऱ्या हसण्यासकट कळली, यामुळे लागलेले आहे. ‘घरात खायला मिळत नाही का’ हा त्यांचा प्रश्न त्या गृहस्थांच्या नजरेतून आलेला आहे. म्हणून त्याला ‘मिळते हो, पण’ अशी सफाई देत बसू नका. एकदाच, तुम्ही दोघेच असताना, टोमण्याच्या प्रसंगाबाहेर शांतपणे सांगा की हे मी तुमच्यापासून लपवायला नको होते, पण मला हे आवडते आणि यापुढेही बुधवारी आणि शनिवारी मी जाणार आहे. परवानगी मागू नका. माफी मागायचीच असेल तर ती लपवण्याबद्दल मागा, जाण्याबद्दल नको. पस्तीस-चाळीस वर्षे तुम्ही सकाळचा डबा भरून बँकेत गेला असाल आणि या सगळ्या काळात यजमान बाहेर कुठे चहा प्याले, कोणाबरोबर वडा खाल्ला, हे तुम्ही कधी हिशेबात धरले नसेल. हे त्यांना ऐकवायची गरज नाही, पण तुमच्या स्वतःच्या मनात ते स्पष्ट असू द्या.

‘लोक काय म्हणतील’ याची मुळे किती खोल आहेत तेही पाहा. मुंबईतली ही हॉटेले उभी राहिली ती मुख्यतः एकट्या पुरुषांसाठी. माटुंग्याचे रामाश्रय १९३९ मधले, कॅफे मद्रास १९४० मधले, रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ मधले. नोकरीसाठी दक्षिणेतून आलेल्या आणि घरदार गावी ठेवलेल्या माणसांना आपल्या चवीचे, स्वस्त आणि स्वच्छ खायला मिळावे, या गरजेतून असली खानपानगृहे वाढली. बायका यायच्या त्या कुटुंबाबरोबर, आणि त्यांच्यासाठी पडद्याआड किंवा पोटमाळ्यावर ‘फॅमिली रूम’ असायची. इराण्याकडेही तोच प्रकार होता. त्याच शहरात गिरणगावातल्या शेकडो बायका आपल्या खोलीत चूल मांडून गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवू घालत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या खानावळवाल्यांना संघटित केले आणि बँकेची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टाला धंदा म्हणून ओळख मिळाली. थोडक्यात, घराबाहेरचे खाणे शिजवणारी बाई या शहराला कधीच खटकली नाही. बसून खाणारी, आणि तीही एकटी, मात्र अजून खटकते. तुमच्या इमारतीतल्या गृहस्थांना ज्या गोष्टीची बातमी करावीशी वाटली, ती हीच. ते स्वतः त्या वेळी त्याच हॉटेलात काय करत होते, हे कोणी विचारलेले दिसत नाही.

यजमानांपेक्षा मला तुमच्या सूनबाईंची जास्त काळजी वाटते, कारण तिची तक्रार अधिक खरी आहे. आपल्या हातचे सासूला आवडत नाही असे ती म्हणते, पण त्यामागे दुसरेही काही असू शकते. ज्या सकाळी तुम्ही दुसऱ्याने आणून दिलेल्या इडलीसमोर पेपर वाचत असता, त्याच सकाळी ती गॅसपाशी उभी राहून पाचजणांचे करते, नातीचा डबा भरते आणि मग स्वतःची लोकल गाठते. बसून, आयते आणि गरम खाण्याचा जो आनंद तुम्हाला या वयात गवसला, तो तिलाही हवा असणार आणि तो मागायला तिच्याकडे ना वेळ आहे ना नाते. तुम्ही तिच्या पोह्यांची कितीही स्तुती केलीत तरी ही गाठ सुटणार नाही. तिला हलके वाटेल ते काम कमी झाल्यावर.

म्हणून दोन गोष्टी करा. आदल्या रात्री तिला सांगा, ‘उद्या माझे पोहे भिजवू नकोस.’ सकाळी केलेल्या नाश्त्याला कोणीतरी न खाता निघून जाणे आणि मुळात तेवढे कमीच करणे, यांत करणाऱ्याच्या मनाला फार फरक पडतो. दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. आठवड्यातल्या दोन सकाळी तुम्ही घ्याव्यात, म्हणजे सोमवारी आणि गुरुवारी, म्हणा, नाश्ता आणि डबा तुमच्याकडे आणि सूनबाईंनी त्या वेळी स्वयंपाकघरात पाऊलही टाकायचे नाही. बुधवार-शनिवारचे काय, असे तुम्ही विचाराल. निवृत्त झालेला आणि हातीपायी धडधाकट असलेला आणखी एक माणूस घरात आहे. कांदा चिरणे, पोहे चाळणीत भिजवून निथळू देणे, फोडणीत हिंग-हळद घालून झाकण ठेवून एक वाफ काढणे, एवढे काम कोणालाही जमते, आणि पहिल्या दोन वेळा ते कोरडे किंवा गोळा झाले तरी घर बुडत नाही. ही सूचना तुम्ही न करता मुलाने वडिलांना केली तर अधिक चांगले. मुलाला तुमच्या दिसण्याची काळजी आहेच. तीच काळजी त्याने जरा इकडे वळवावी.

एक गोष्ट मात्र करू नका. घरच्यांचा राग जावा म्हणून येताना सगळ्यांसाठी वड्यांचे पार्सल आणू नका. ते लाच दिल्यासारखे दिसते, सांबाराच्या पिशव्या सोडवण्याचे काम पुन्हा सूनबाईंवरच पडते, आणि पार्सलमधला मेदूवडा घरी येईपर्यंत वाफेने चिवट झालेला असतो, त्यामुळे ‘याच्यासाठी जातेस होय’ हेही ऐकावे लागते. त्यापेक्षा सुट्टीच्या एखाद्या दिवशी फक्त सूनबाईंना घेऊन बाहेर पडा. पार्ल्याहून माटुंगा काही लांब नाही. कॅफे मद्रासला रांग लावून, दुसऱ्यांच्या टेबलाशी कोपर लावून, वाटीतली कॉफी दोघींनी प्या. सोमवारी ते बंद असते, तेवढे लक्षात ठेवा. तिथे तिच्याशी घराबद्दल अवाक्षर काढू नका. ती बोलली तर ऐका.

मुलाच्या सूचनेत वाईट हेतू नाही, पण ती मला पटत नाही. नवा कॅफे म्हणजे काचेचे दार, थंड हवा, लॅपटॉप उघडून बसलेली मुले आणि तुमच्या हॉटेलात दोघांचा नाश्ता होईल एवढ्या किमतीची एक कॉफी. तिथे तासन्‌तास बसले तरी कोणी उठवत नाही हे खरे, कारण त्या कॉफीच्या किमतीत बसण्याचे भाडे धरलेलेच असते. तुम्हाला तिथे जायचे असेल तर खुशाल जा, पण जावेसे वाटते म्हणून जा. तिथली खुर्ची जास्त ‘सभ्य’ आहे म्हणून नको. जुन्या हॉटेलात बाईमाणूस एकटे बसणे असुरक्षित आहे असे त्याला म्हणायचे असेल तर ते उलटे आहे. तिथे शेट गल्ल्यावरून सगळी टेबले पाहू शकतात, वेटर वर्षानुवर्षे तेच असतात, दार रस्त्यावर उघडे असते, आणि चौथ्या-पाचव्या खेपेनंतर तुम्ही ओळखीच्या होता. कोणी टक लावून पाहिलेच, तर गल्ल्याकडे तोंड करून बसता येते आणि वेटरला एक शब्द पुरतो. कॅफेत गेलात तर बिलाकडे मात्र नीट पाहा. पाच टक्के जीएसटी लागू शकतो, पण त्याखाली ‘सेवा शुल्क’ म्हणून आपोआप लावलेली रक्कम देण्याची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. ती ओळ काढून द्या असे शांतपणे सांगावे. बँकेत काढलेल्या वर्षांनंतर आकड्यांबद्दल बोलताना तुमचा आवाज कापणार नाही, अशी माझी खात्री आहे.

राहिला मधुमेह, आणि इथे माझाच एक सल्ला दुसऱ्याला आडवा येतो. गर्दी टाळण्यासाठी पावणेदहाला जा असे मी म्हटले, पण सहा-साडेसहाला उठून, उपाशीपोटी फिरून, पावणेदहापर्यंत काहीच न खाणे हे गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी ठीक नाही. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एकाएकी फार खाली जाण्याचा संभव कमी असतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी मात्र ती जाऊ शकते आणि अशा गोळ्या बहुधा दिवसाच्या पहिल्या खाण्याबरोबर घ्यायच्या असतात. तुमची गोळी कोणती, आणि हॉटेलच्या दिवशी ती केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून घ्या. ‘आठवड्यातून दोनदा मी उशिरा आणि बाहेर खाते’ असे त्यांना सरळ सांगा, म्हणजे निदान एका माणसापासून तरी हे लपलेले राहणार नाही. फिरायला निघताना मूठभर फुटाणे किंवा चार-पाच बदाम खाऊन निघा, किंवा त्या दोन दिवशी फिरणेच तासभर उशिरा ठेवा. टेबलाशी बसल्यावर दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड किंवा डोके हलके झाल्यासारखे वाटले, तर इडलीची वाट पाहत बसू नका; वेटरकडून साखर मागवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्या, आणि मग नीट खा. तरीही बरे वाटले नाही, तर शेटना सांगून घरी फोन लावायला लावा.

काय मागवावे याबद्दल फार बाऊ करू नका. दोन इडल्यांपेक्षा इडली-वडा मिक्स बरा, कारण वडा तळलेला असला तरी पूर्ण उडदाचा असतो आणि तांदूळ निम्म्याने कमी पोटात जातो. मुंबईतल्या उडप्याच्या सांबारात बहुधा गूळ असतो, म्हणून वाटीमागून वाटी मागवू नये, चटणी मागावी. कॉफी सांगताना ‘साखर वेगळी’ असे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण नंतर सांगितले तर ती घालून झालेली असते. शिरा मात्र नको, अगदी हाफ प्लेटसुद्धा नको. घरी ग्लुकोमीटर असेल तर एका बुधवारी हॉटेलच्या नाश्त्यानंतर दोन तासांनी आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी घरच्या पोह्यांनंतर दोन तासांनी साखर मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवा. पोहे शेवटी तांदळाचेच असतात, आणि त्यावर बटाटा पडला असेल तर आकडा फारसा निराळा येईलच असे नाही. ‘घरचे ते पौष्टिक’ हा मुद्दा कोणी काढला, तर वाद न घालता तो कागद पुढे करता येईल.

आणखी एक शक्यता तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण ती येणार असे मला दिसते. तुम्ही सगळे उघडपणे सांगितल्यावर, राग ओसरल्यावर, कधीतरी यजमानच म्हणतील, ‘मग मीही येतो.’ त्या वेळी गोंधळू नका. बुधवार आणि शनिवार तुमचे आहेत असे हसून सांगा आणि त्यांना रविवार द्या. मात्र रविवारी पार्ल्यातली झाडून सगळी कुटुंबे हॉटेलात उतरतात, तेव्हा साडेआठच्या आत पोहोचा, नाहीतर फुटपाथवर नाव सांगून उभे राहावे लागेल, आणि उपाशीपोटी उभे राहणे तुमच्या गोळ्यांना चालणारे नाही.